दूर गेलेल्यांचं पुस्तक

सॅन फ्रान्सिस्को
चिनी प्रजासत्ताकाचं तिसरं वर्ष, दुसरा महिना
(इथल्या गोऱ्यांच्या हिशेबाने १९१४)

थोरल्या काकांच्या पायांशी युन-सेंग,

गाठोडं पोचलं. बोटीवरच्या माणसाने ते हातात देताना विचारलं, "काय रे, अफू आहे का?" मी म्हटलं, "नाही, पुस्तक आहे." तर त्याने असं तोंड केलं, जणू अफू असती तर बरं झालं असतं.

ते मी लगेच सोडलं नाही. आधी हात धुतले. लॉन्ड्रीत हात दिवसभर पाण्यातच असतात म्हणा, पण हे वेगळे धुतले. मग निळं फडकं सोडलं. वर तुमची चिठ्ठी होती: ही एकच प्रत आहे, माझे डोळे आता दुसरी करू देणार नाहीत, तिथल्या आपल्या छापखान्यातून छापून घे.

काका, असं कसं केलंत तुम्ही? जन्मभराचं लिहिलेलं, त्याची एकच प्रत, आणि पाठवलीत कुणाकडे, तर माझ्याकडे! शाळेत तुम्ही मला भिंगरी म्हणायचात. धडा म्हणताना आम्ही पोरं तुमच्याकडे पाठ करून उभी राहायचो, पुस्तक तुमच्या हातात असायचं. तुमची मान जरा कलली, की मी तसाच पाठमोरा दाराबाहेर आणि तिथून थेट नदीवर. थोरल्या गुरूंची जी चार पुस्तकं तुम्ही शिकवायचात, त्यांतलं मला निम्मंसुद्धा येत नाही. जे येतं तेही पोपटासारखं.

तरी छापखान्यात जाऊन आलो. आपल्या वस्तीतच आहे, वर्तमानपत्र काढतात तो. काका, तिथे भिंतभर लाकडी कप्पे आहेत आणि प्रत्येक कप्प्यात शिशाचं एकेक अक्षर, तेही उलटं. मी दारात उभाच राहिलो. आपले सगळे गुरू, सगळे कवी आजवर जे बोलले आणि पुढे जे बोलतील ते सगळं इथे आधीच येऊन झोपलंय, नुसती हाक मारायची खोटी, असं वाटलं. व्यवस्थापक म्हणाला, "आत ये नाहीतर दार लाव, वारा येतोय." शरदाचा सण होईपर्यंत ते वर्तमानपत्राच्या कामात बुडालेत. सणानंतर आण म्हणाला.

म्हणजे तोवर हे मला सांभाळायचंय. खरं सांगू का, या वसंतात मी उत्तरेला जाणार होतो, मासे डब्यात भरायच्या कारखान्यावर. तिथे बर्फाचे डोंगर समुद्रात कोसळतात म्हणे, आवाज पार लांब ऐकू जातो. ते बघायचंच होतं. इथे आम्ही तिघं. लाईकाका, हे आपल्या नदीच्या पलीकडच्या गावचे, लग्न झाल्यावर एक हंगाम घरी राहिले आणि इकडे आले ते आजवर गेलेच नाहीत. दुसरा चौ, तो कपडे धुतो आणि स्वयंपाक करतो, दोन्हींत सारखंच मीठ घालतो असं लाईकाकांचं म्हणणं. आणि मी. इथेच काम, इथेच जेवण, टेबलाखाली झोप.

दुसऱ्या कुणाकडे पाठवायचं असेल तर अजून सांगा.

*

शिऊ-हांग गाव
चौथा महिना

भिंगरीस आशीर्वाद.

दुसऱ्या कुणाकडे पाठवायचं नाही. तुलाच का, ते ऐक.

दरबारी नोकरीच्या परीक्षा देण्यात माझी उमर गेली. मग परीक्षाच बंद झाल्या, पाठोपाठ राजा गेला. डोक्यात भरून ठेवलेल्या धान्याला बाजारच उरला नाही. कुलमंदिरात आता नवी शाळा भरते. तिथे तुझी धाकटी बहीण सुक-यिन अंकगणित शिकते आणि मला शिकवायला बघते. रिकामा झालो तेव्हा मी हे लिहायला घेतलं.

एकच प्रश्न आहे त्यात. घर सोडून दूर गेलेला माणूस कुणाचा? दोन हजार वर्षं आपले विचारवंत यावर भांडत आलेत. थोरले गुरू म्हणाले, आईबापांना सोडून गेला त्याचं मूळ तुटलं. डोंगरातला साधू म्हणाला, मूळ झाडाला असतं, ढगाला कुठलं? भिक्षू म्हणाला, घर सोडणं हाच पहिला धडा. नंतरचे आले ते म्हणाले, आभाळाखालचं सगळं एकच घर, मग दूर म्हणजे काय? मी या सगळ्यांना एका अंगणात बसवलंय आणि भांडू दिलंय. मेलेल्यांना वेळच वेळ असतो. मधून मधून माझी पद्यं आहेत, ती सोसून घे.

शेवटचं प्रकरण कोरं आहे, हे तू पाहिलं असशीलच. (पाहिलंस ना?) हद्दपार झालेल्या मंत्र्याने दूर जाऊन कविता केल्या, सीमेवरच्या शिपायाने केल्या, भिक्षूनेही. पण परक्याचा शर्ट धुवायला समुद्रापार गेलेला माणूस कुठल्याच ग्रंथात नाही, आणि आपल्या गावात घरटी एक तोच आहे. मी स्वतः दूर कधी गेलोच नाही. परीक्षेला प्रांताच्या शहरापर्यंत, आणि नापास होऊन परत. म्हणून गाठोडं तुझ्याकडे. छापून घे, आणि त्याआधी ते प्रकरण मला सांग.

बर्फाचे डोंगर पडायचे ते पडू देत. पुस्तक छापून होईपर्यंत तुझे पाय त्या लॉन्ड्रीच्या उंबऱ्याला बांधून ठेव. हे पुस्तक निघालं तर माझा जन्म कशासाठी होता हे मला कळेल. डोळे जाण्याआधी कळलं तर बरं.

*

सॅन फ्रान्सिस्को
सहावा महिना

थोरल्या काकांना भिंगरीचा उंबऱ्याला बांधलेल्या पायांनिशी नमस्कार.

काका, तुमच्या पुस्तकाने इथे भांडणं लावलीत.

झालं असं. मी जेवणाच्या सुट्टीत पानं काढून बसायचो. अडलं की लाईकाकांना अक्षर दाखवायचो, त्यांना माझ्यापेक्षा जरा जास्त येतं. ते म्हणाले, "एकटाच काय चघळतोस, मोठ्याने वाच." मग मी वाचायला लागलो आणि ते इस्त्री करत ऐकायला. चौ आतून ओरडायचा, "पाण्याच्या आवाजात मला ऐकू येत नाही, पुन्हा म्हण!" प्रत्येक ओळ दोनदा, तीनदा. तुमचं ते पहिलंच पद्य:

नदी रोज गाव सोडून जाते,
तरी गावाचीच नदी म्हणवते.

लाईकाकांनी इस्त्री उचललेली तशीच धरून ठेवली. शर्ट वाचला तो थोडक्यात.

आता दोघांचे पक्ष पडलेत. लाईकाका थोरल्या गुरूंच्या बाजूचे. "बरोबर बोलतात ते. घर सोडलं की मूळ तुटलं."

"मग तुम्ही का सोडलंत?" चौ म्हणाला.

"मला गुरूंनी थोडंच विचारलं होतं? भुकेने विचारलं."

चौ डोंगरातल्या साधूच्या पक्षाचा. "मी ढग आहे. ढगाला गाव विचारणारे तुम्ही कोण?"

"ढग म्हणे! पेजेबरोबर खारी मासळी मिळाली नाही की आईच्या नावाने गळा काढणारा ढग!"

असं दिवसभर. मेलेले गुरू जणू पलीकडच्या गल्लीत राहतात आणि काल संध्याकाळी काहीतरी बोलून गेलेत. परवा लाईकाका भाजी आणायला गेले ते निम्म्या वाटेवरून परत आले, का, तर साधूला देण्याजोगं उत्तर सुचलं होतं.

मग एक दिवस ते म्हणाले, "मला हे शाळेसारखं शिकव." मला हसू आलं. ते हसले नाहीत. माझ्याकडे पाठ करून उभे राहिले, हात मागे बांधून. माझ्या बापाच्या वयाचा माणूस, मानेवर वाफेने लाल झालेली कातडी, आणि पुस्तक माझ्या हातात. काका, मला छडी खाल्ल्यासारखं झालं. पण एक अडचण आली. त्यांना नुसतं म्हणता येईना. हातात इस्त्री दिली तर घडाघडा. इस्त्री टेबलावर आपटायची, ओळ म्हणायची, ओळ संपली की तोंडात पाणी घेऊन शर्टावर फुर्र करून फवारा मारायचा आणि पुढची ओळ. चौही आता आतून कपडे बडवत म्हणतो. परवा एक गोरी बाई कपडे न्यायला आली ती तशीच उभी राहिली. तिने हळूच विचारलं, "प्रार्थना चालली आहे का?"

"नाही, भांडण," लाईकाका म्हणाले. "जुनं."

शेवटच्या प्रकरणाला मी काय सांगणार? मला सुचलं ते एवढंच: या शहरातल्या माणसांच्या गळ्यांची मापं मला पाठ आहेत, तोंड एकाचंही ओळखत नाही. हे लिहिण्यासारखं आहे का?

सण झाला की पानं छापखान्यात.

*

शिऊ-हांग गाव
आठवा महिना

भिंगरीस आशीर्वाद.

हे सुक-यिनच्या हातून लिहून घेतोय. मला आता कागद ढगासारखा दिसतो, चौला सांग.

गळ्यांची मापं हे लिहिण्यासारखं आहे. मी ते वाक्य वडाखाली बसून सगळ्यांना ऐकवलं. पण प्रकरण त्याने पुरं होत नाही रे. काहीतरी राहतंय आणि काय ते मला कळत नाही. विचार करतोय. तूही कर.

लाईला सांग, पुढच्या वेळी त्याला छडी लागेल. ओळीच्या मध्ये पाणी उडवायचं नसतं.

(दादा, हे सांगताना काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. कालपासून भेटेल त्याला विचारतात, "माझे गुरू सध्या कुठे असतात, ठाऊक आहे? अमेरिकेत इस्त्री करतात!" सुक-यिन)

*

सॅन फ्रान्सिस्को
नववा महिना

थोरल्या काकांना नमस्कार.

सण झाला. इथे वारं फार आहे. लाईकाका आणि चौ बरे आहेत. दुकानाची काच फुटली होती, ती नवी बसवली. छापखान्याचं काम अजून झालेलं नाही. होईल तेव्हा कळवतो. तब्येतीला जपा.

युन-सेंग

*

शिऊ-हांग गाव
अकरावा महिना

चिरंजीव युन-सेंग,

तुझं पत्र सुक-यिनने वाचून दाखवलं. मी म्हटलं, पुढचं वाच. ती म्हणाली, संपलं. जो पोरगा पिशवीभर लिहितो तो चिमूटभर लिहू लागला, की न लिहिलेलं वाचावं लागतं. ते मी वाचलं.

छापखान्याने पुस्तक परत केलं. मला दुखवायला नको म्हणून तू काच आणि वारा लिहिलंस. बाळा, वाईट वाटून घेऊ नकोस. व्यवस्थापकाची चूक नाही. मीही परीक्षक असतो तर मलाच नापास केलं असतं. नवं जग नवे प्रश्न विचारतंय, माझा प्रश्न जुना झाला.

आता एक कर. पानं परत पाठवू नकोस. गठ्ठ्यात बांधून माळ्यावरही टाकू नकोस, तिथे उंदीर आहेत आणि अक्षराला उंदराने कुरतडणं हा अपमान आहे. तुमच्या वस्तीत देवळात कागद जाळायची भट्टी असेलच. उदबत्ती लावून तिथे अग्नीला दे आणि राख समुद्रात सोड. लिहिलेल्या कागदाचा याहून चांगला शेवट नसतो.

मग जा उत्तरेला. बर्फाचा डोंगर पडताना कसा दिसतो ते मला लिही.

(दादा, काका वडाखाली बसायला जात नाहीत आता. काय झालंय ते खरं लिही. सुक-यिन)

*

सॅन फ्रान्सिस्को
चौथं वर्ष, पहिला महिना

थोरले काका,

तुमचं पत्र वाचून मला आधी सुटल्यासारखं झालं. ते लाजेने लिहितोय. अग्नीला दे म्हणालात. काका, ते अग्नीला गेलंच होतं, तुमच्या सांगण्याआधीच. नुसतं "आज्ञेप्रमाणे केलं" असं लिहिलं असतं तर खोटंही झालं नसतं. मी तसा कागद घेऊन बसलोही होतो. लाईकाकांनी बघितलं.

"लिही की," म्हणाले. "मोठा आज्ञाधारक पुतण्या! आणि मी गावी गेल्यावर माझ्या तोंडातून जे बाहेर पडेल त्याचं काय करू? तोंड शिवून घेऊ?"

म्हणून हे सगळं लिहितो.

व्यवस्थापकाने पुस्तक परत केलं नाही. त्याने ते पाहिलंच नाही. सणानंतर छापखान्यात द्यायच्या आदल्या दिवशी मला पानं जरा सादळलेली वाटली. आमच्याकडे वाफच वाफ. म्हणून मी ती खिडकीशी मांडली, थंड इस्त्र्या वर ठेवून. दुपारी गोऱ्या पोरांचं टोळकं आलं. ते अधूनमधून येतं. पहिल्याच दगडात खिडकी गेली. इस्त्र्या पडल्या आणि वाऱ्याने पानं उचलली. आमचा रस्ता उताराचा, पानं खालपर्यंत उडत गेली, चिखलात, गटाराच्या कडेला. आम्ही दाराशी धावलो तर दारावर दगड. लाईकाकांनी मला कमरेला धरून ठेवलं, नाहीतर मी गेलो असतो. टोळकं निघून गेल्यावर बाहेर आलो, आणि काका, रस्ता स्वच्छ होता. एक पानसुद्धा नाही.

समोरचा चहावाला म्हणाला, "कागदवाले आजोबा आले होते ना. सगळं उचललं त्यांनी."

या आजोबांबद्दल मी तुम्हाला कधी लिहिलं नाही. दोन टोपल्या घेऊन फिरतात. रस्त्यात अक्षर लिहिलेला कागद दिसला, फाटकी पावती का असेना, की चिमट्याने उचलतात, कुणाचा पाय पडू नये म्हणून. गावी हे काम तुम्ही आम्हा पोरांकडून करून घ्यायचात. आम्हाला आनंद झाला! लाईकाका म्हणाले, "बघ, वाचलं. आपल्याच माणसाच्या हातात पडलं." आम्ही पळत देवळाच्या जिन्याने वर गेलो.

भट्टी अजून गरम होती.

आजोबा बाजूला बसले होते. त्यांनी प्रत्येक पानावरचा चिखल सुगंधी पाण्याने धुतला होता, पान वाळवलं होतं, उदबत्ती लावून एकेक करून अर्पण केलं होतं. आम्हाला बघून म्हणाले, "काय देखणं अक्षर होतं! एकावरही पाय पडू दिला नाही."

"वाचलं नाहीत का?" मी ओरडलो. "काय होतं ते बघितलं तरी का?"

"वाचत बसलो तर गोळा कधी करू?"

मी पुढे झालो. काय करणार होतो ठाऊक नाही. तेव्हा त्यांच्या कपाळाकडे लक्ष गेलं. भुवईपासून फुटलं होतं, रक्त वाळलं होतं. आम्ही दाराआड होतो, तेव्हा ते त्या दगडांत वाकून वाकून पानं वेचत होते. टोळक्याने त्यांनाही सोडलं नाही आणि त्यांनीही एक पान सोडलं नाही. ज्या पुस्तकाचं नावही ठाऊक नाही त्याच्यासाठी.

काका, मी गुडघ्यांवर बसलो. डोकं टेकवलं. लाईकाकांनीही टेकवलं. आजोबा घाबरले, "अरे अरे, हे माझं कामच आहे," म्हणाले. आम्ही त्यांना काही सांगितलं नाही. राख त्यांच्याबरोबर जाऊन समुद्रात सोडून आलो.

तुम्हाला काय लिहावं ते सुचेना, म्हणून वारा लिहिला.

पण पुढचं ऐका. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखं काम सुरू केलं. लाईकाकांनी शर्ट पसरला, इस्त्री उचलली, आपटली. आणि तोंडातून आपोआप आलं: नदी रोज गाव सोडून जाते. ते स्वतःच दचकले. मग आतून, कपडे बडवायच्या आवाजातून चौ म्हणाला: तरी गावाचीच नदी म्हणवते.

कागद जळून गेला होता आणि पुस्तक चालू होतं.

त्या दिवसापासून आम्ही ते परत लिहितोय. थोरले गुरू लाईकाकांकडून, साधू चौकडून, बाकी मी. तिघांना मिळून सगळं आलं. भिक्षूच्या प्रकरणातलं एक पान मात्र कुणालाच येत नाही. ते मला कंटाळवाणं वाटलं होतं म्हणून मी मोठ्याने वाचलंच नव्हतं. मारायचं तर मारा. छापखान्यात दिलं. व्यवस्थापक म्हणाला, "हे अक्षर आहे की कोंबडीने उकरलंय?" पण उभ्या उभ्या वाचायला लागला, आणि खुर्ची ओढून खाली बसला. छापतोय. शेवटच्या प्रकरणाची जागा मोकळी ठेवायला सांगितलीय.

आणि लाईकाका गावी येताहेत. पुढच्याच बोटीने. म्हणतात, "गुरुजींच्या समोर म्हणून दाखवल्याशिवाय मला खात्री नाही." पुस्तक हातात धरून बसायला तुमच्याकडे ते नसेल. डोक्यात असेल ते धरून बसा. चुकलं तर छडी आहेच.

*

शिऊ-हांग गाव
तिसरा महिना

माझ्या युन-सेंग,

लाई आला.

आधी तुला एक सांगतो. त्या कागदवाल्या आजोबांना माझा नमस्कार सांग, कशाबद्दल ते सांगू नकोस, त्यांना कधीही कळू देऊ नकोस. परीक्षकांनी माझं लिहिलेलं आयुष्यभर बाजूला सारलं. ते वाचवायला कुणी कपाळ फोडून घेईल, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

लाई वडाखाली येईपर्यंत अख्खं गाव जमलं होतं, नदीपलीकडचंही. मला माणसं दिसत नाहीत, पण गर्दीचा वास कळतो. तो माझ्या पाया पडला. मग त्याचा आवाज लांबून आला आणि मला कळलं, तो पाठ करून उभा राहिलाय. पिकल्या केसांचा माणूस. मी हात पुढे केले, पुस्तक धरावं तसे, रिकामेच.

तो काही बोलेना. पोरं खिदळायला लागली. शेवटी म्हणाला, "गुरुजी, इस्त्री नाही."

गाव हसून लोळलं. सुक-यिन धावत जाऊन लोणच्याच्या बरणीवरचा दगड घेऊन आली, कुणीतरी अंगातला सदरा काढून पारावर पसरला. लाईने दगड आपटला आणि सुरू झाला. पहिली ओळ संपली आणि पुन्हा अडला. तोंडात पाणी नाही. तेव्हा बायकांच्या गर्दीतून कुणीतरी उठलं. पावलं पारापर्यंत आली, वाडगा पाराच्या दगडावर टेकल्याचा आवाज झाला, पावलं परत गेली. सुक-यिन माझ्या कानात म्हणाली, "त्यांची बायको." तो आल्यापासून दोघं एकमेकांशी एक शब्द बोलली नव्हती.

मग तो थांबला नाही. युन-सेंग, जुन्या काळी एका सम्राटाने ग्रंथ जाळले, तेव्हा म्हाताऱ्या पंडितांनी ते आठवणीतून परत सांगितले, हे मी जन्मभर पोरांना शिकवलं. शिकवलं, पण खरं वाटलं नव्हतं. मनात म्हणायचो, एवढं कुणाच्या लक्षात राहतं? परवा माझ्या कानांनी ऐकलं. दगड पडत होता, पाणी उडत होतं आणि माझे सगळे गुरू एकामागून एक उठून बोलत होते. मला वाटलं, मी लिहिलेलं नव्हेच हे. मी लिहिलं त्याच्याही आधीपासून हे असंच चाललंय, कुणाच्या ना कुणाच्या तोंडातून.

एके ठिकाणी त्याने म्हटलं:

नदी रोज गाव सोडून जाते,
तरी गावाचीच नदी म्हणवते,
परत येते ती पावसाच्या पायांनी.

ही तिसरी ओळ माझी नाही. मी थांबवून विचारलं, ही कुणाची? लाई म्हणाला, "तुमचीच की!" मी वाद घातला नाही. तुझी का चौची, मला सांगू नका. छापा. भिक्षूचं ते पान मलाही आठवत नाही, तेव्हा ते तसं असेलच कंटाळवाणं.

शेवटी तो कोऱ्या प्रकरणापाशी आला आणि गप्प झाला. मी सांगणार होतो की इथे काहीतरी राहिलंय, आणि ते मला सापडलेलं नाही. तेवढ्यात त्याची बायको बसल्या जागेवरून बोलली.

"झालं? सगळे गेलेलेच बोलले. मंत्री बोलला, शिपाई बोलला, बुवा बोलले, आता इस्त्रीवाले बोलले. गेले त्यांची वाट सगळ्यांनी मोजली. मी इथेच होते. रोज तेच दार उघडलं, तेच लावलं. पण गुरुजी, मी काय जवळ होते? घर सोडून हा दूर गेला, आणि घरात राहून मीही तेवढीच दूर होते. आमचं कुठे लिहिलंय?"

कुणीतरी म्हणालं, "अगं, बस खाली." ती म्हणाली, "बसलेलीच आहे मी. केव्हाची बसलेली आहे."

दोन हजार वर्षांचे ग्रंथ वाचले मी. कुणीही हा प्रश्न या बाजूने विचारलेला नाही. मीही नाही. मी सुक-यिनला म्हटलं, शाई घे.

तेव्हापासून रोज बायका येतात आणि सांगतात, ती लिहिते. छापखान्याला थांबायला सांग. तुझी आईही रांगेत आहे. काय सांगणार ते मला सांगत नाही. म्हणते, ते युन-सेंगने वाचायचं आहे.

(दादा, काका पुन्हा वडाखाली बसतात. लाईकाका आणि काकू एकमेकांशी बोलतात आता, म्हणजे भांडतात, काकू साधूच्या पक्षाच्या निघाल्या. चौला कळव, आनंद होईल. सुक-यिन)

*

सॅन फ्रान्सिस्को
पाचवा महिना

थोरल्या काकांना, सुक-यिनला, आणि वडाखाली बसणाऱ्या सगळ्यांना नमस्कार.

छापखाना थांबलाय. व्यवस्थापक म्हणाला, पुस्तकाचा शेवट यायला वेळ लागत असेल तर लागू दे, अक्षरं कुठे जात नाहीत. बर्फाचे डोंगरही कुठे जात नाहीत.

आईचं पान सगळ्यांत आधी पाठवा. लाईकाका नाहीत, तेव्हा कागद चौ धरील आणि पाठ करून मी उभा राहीन. या वेळी दार उघडं असलं तरी पळणार नाही.

इस्त्री तापत ठेवली आहे.